गावंडेकाकांचा हात

गावंडेकाकांचा हात चुकला नव्हता. एवढं एक वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, आणि ज्यांचा तो हात होता त्यांना तर नाहीच. अमेरिकेत, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत अजूनही कधी विषय निघतो, की काकांनी ते शनिवारचं सगळं एकदम बंद का केलं? मग कुणीतरी म्हणतं, "वय झालं हो. शेवटी शेवटी चुका व्हायला लागल्या होत्या." मी तिथे असलो तर मान हलवतो. ती हलवलेली मान मला घरी येईपर्यंत जड वाटते, आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला जातो.

पण आधी काका सांगायला हवेत.

रांगेतलं शेवटचं घर त्यांचं. शनिवारी सकाळी त्यांच्या गॅरेजचं दार वर जायचं, जुनी मिनीव्हॅन ड्राइव्हवेवर यायची, आणि तिच्या जागी घडीचं टेबल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक मोठा थर्मास मांडला जायचा. नव्या माणसाला वाटायचं, थर्मासमध्ये चहा आहे. त्यात तर्री असायची. काका नागपूरचे. अमेरिकेत निम्मं आयुष्य काढून, इथल्याच एका चिप कंपनीतून रिटायर होऊनसुद्धा त्यांच्या बोलण्यातलं नागपूर तसूभर हललं नव्हतं. कमलकाकू आतून पोह्यांचं पातेलं आणायच्या आणि काका प्रत्येकाच्या प्लेटमध्ये स्वतः तर्री ओतायचे. कुणी नको म्हटलं तर म्हणायचे, "कोरडे पोहे म्हणजे नुसतं प्रेझेंटेशन झालं राजेहो. प्रोजेक्ट कुठे आहे?"

त्या टेबलाभोवती बसायची ती हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातली आपली मुलं आणि त्यांचे आईबाप. आमच्या राज्याचं सरकारी विद्यापीठ एकच, पण त्याचे कॅम्पस राज्यभर पसरलेले. अर्ज एकच भरायचा आणि हव्या त्या कॅम्पसपुढे खूण करायची. वसंत ऋतूत एकेका कॅम्पसचं उत्तर येतं. ज्यांनी ज्यांनी हो म्हटलं, त्यातल्या एकालाच आपण हो म्हणायचं. हे एवढंच. पण या एवढ्याशापायी आमच्याकडे घराघरांतून जे चालतं, ते मुलीच्या लग्नातही चालत नसेल.

काकांनी ते बरोबर ओळखलं होतं. ते कॅम्पस हा शब्दच वापरत नसत. म्हणायचे 'स्थळ'.

"एकाच घराण्यातले भाऊ आहेत हे सगळे," ते समजावायचे. "आडनाव एक. डिग्रीवर आडनावच मोठं छापून येते. पण स्वभाव? एक समुद्राकाठी राहते, त्याला दुपारी झोप येते. एक शिकवते कमी, मिरवते जास्त. पोरगी द्यायची त्या माणसाच्या घरी, आडनावाच्या घरी नाही."

खाडीकडे तोंड करून टेकडीवर बसलेला जो सगळ्यात जुना आणि नावाजलेला कॅम्पस, तो त्यांचा 'थोरला'. आणि पूर्वेला, बदामांच्या बागांमध्ये, सपाट व्हॅलीत उभा राहिलेला सगळ्यात नवा, तो 'धाकटा'. पुढे आमच्या सगळ्यांच्या तोंडी हीच नावं बसली. लोक गॅरेजला 'वधूवर सूचक मंडळ' म्हणायचे. काकांना ते आवडायचं. फी कधी घेतली नाही. "फी घेतली तर खोटं बोलावं लागते," म्हणायचे.

सॅन होजेचे एक गृहस्थ एकदा सगळ्या कॅम्पसच्या रँकिंगचा रंगीत तक्ता घेऊन आले. काकांनी चष्मा वर सरकवून तो कागद वरून खाली, खालून वर पाहिला.

"ह्यात पोराचं नाव कुठे आहे?"

"वर आहे की. हेडिंगमध्ये."

"हेडिंगमध्ये देवाचंही नाव असते, साहेब. खाली कुठे आहे?"

गृहस्थांची बायको तोंडाला ओढणी लावून हसली. मुलगाही हसला, आणि त्या सकाळी पहिल्यांदा काहीतरी बोलला. आपल्याला कुठे जायचंय ते. बापाच्या तक्त्यात ती जागा सातवी होती.

थोरल्याकडून नकार आला की आया रडत यायच्या. "नकार आला तर एक दिवस रडायचं," काका म्हणायचे. "दुसऱ्या दिवशी पोहे. आणि ताई, तुमच्या लग्नाच्या आधी किती नकार आले होते? हे बसलेत त्यांना ठाऊक आहे का?" रडता रडता हसायला लावण्याचं त्यांचं तंत्र ठरलेलं होतं. पण ते खोटा दिलासा देत नसत. एका मुलाला त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तुझ्या मार्कांत थोरला तुझ्याकडे पाहणार नाही बेटा. तूही त्याच्याकडे पाहू नको. मान दुखते."

माझी इशा शेवटच्या वर्षात गेली तेव्हा मीही त्या गॅरेजमध्ये खुर्ची धरली. त्या आधी आठ-दहा वर्षं शेजारी असून आमचं नातं 'हॅलो काका' एवढंच होतं. मी मुळात कमी बोलणारा. काकांनी पहिल्याच शनिवारी ते ओळखलं. "नितीनराव बोलत नाहीत," ते काकूंना म्हणाले, "त्यांना डबल तर्री दे, तिखटानं तरी तोंड उघडन."

इशाला माती आणि पाणी यात गती होती. हायस्कूलभर तिने आमच्याकडच्या ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून तपासलं. आमचा फ्रिज उघडला की दुधामागे गढूळ बाटल्या. थोरल्याने आणि धाकट्याने, दोघांनीही तिला हो म्हटलं. माझ्यासाठी विषय तिथेच संपला होता. थोरल्याने हो म्हटल्यावर विचार कसला करायचा? पण काका म्हणाले, "स्थळ पाहिल्याशिवाय होकार नाही. आणि पाहायचं ते रविवारी."

हा त्यांचा हट्ट होता. ओपन डेला जायचं नाही. "कांदेपोह्याच्या दिवशी सगळ्यांच्याच घरी चादरी नव्या असतात." कॅम्पसची अधिकृत टूरही घ्यायची नाही. टूर देणारी मुलं पालकांकडे तोंड करून, पाठमोरी, उलट्या पावलांनी चालत माहिती सांगतात. इथे सगळीकडे तीच पद्धत. काकांना तिची चीड होती. "उलटा चालणारा माणूस पुढचा रस्ता काय दाखवीन बाप्पा?"

एप्रिलच्या सुरुवातीच्या एका रविवारी आम्ही तिघं मिनीव्हॅनमधून धाकट्याकडे गेलो. पवनचक्क्यांच्या टेकड्या ओलांडल्या की व्हॅली सुरू होते, आणि त्या दिवसांत बदामाची झाडं नव्या हिरव्या पानांनी भरलेली असतात. इशा काच खाली करून बघत होती. मी बघत होतो, की दोन तास झाले तरी धड एक मोठी इमारत दिसली नाही.

कॅन्टीनमध्ये काका एकटी बसलेली एक विद्यार्थिनी शोधून तिच्यासमोर जाऊन बसले. डबा उघडला, तिला पोहे देऊ केले आणि आपल्या नागपुरी इंग्रजीत त्यांचा ठरलेला प्रश्न विचारला. तुझ्या प्रोफेसरला तुझं नाव माहीत आहे का?

ती मुलगी पोहे खात म्हणाली, "माझं? तिला माझ्या कुत्र्याचंसुद्धा नाव माहीत आहे."

मग ती आणि इशा बोलत सुटल्या. ही प्रोफेसर पहिल्या वर्षापासून मुलांना गमबूट घालून कालव्यावर नेते, शेतकऱ्यांच्या विहिरी मोजायला लावते, वगैरे. इशाचा चेहरा मी तसा आधी पाहिला नव्हता. तिने माझ्याकडे वळून मराठीत म्हटलं, "बाबा, हे." एवढंच. एरवी ती माझ्याशी इंग्रजीत बोलते. मराठी शब्द आला की मला समजतं, की आता ती मनापासून बोलते आहे.

परतताना इशा मागे कानात इअरफोन घालून झोपली. मी मनात घोकत होतो, की ऑफिसात कुणी विचारलं तर हे नाव कसं सांगायचं. मी सांगलीकडच्या एका नवख्या इंजिनिअरिंग कॉलेजातून आलोय. इथे पुण्या-मुंबईच्या लोकांत कॉलेजचं नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "ते कुठे आलं?" वीस वर्षं मी त्या प्रश्नाचं उत्तर देतो आहे. मुलीच्या बाबतीत मला तो प्रश्नच नको होता. थोरल्याचं नाव घेतलं की समोरचा गप्प होतो, मला तेवढंच हवं होतं.

मी काकांना म्हटलं, "काका, हायवेलाच एक बोर्ड लागला असता तर बरं झालं असतं. लोकांना नावही माहीत नाही याचं."

काकांनी आरशात मागे झोपलेल्या इशाकडे पाहिलं. मग म्हणाले, "समीरचं बटण मी दाबलं होतं."

समीर त्यांचा मुलगा, डॅलसला असतो. त्याच्या वेळी कागद होते की कॉम्प्युटर, मला ठाऊक नाही. काका 'बटण'च म्हणायचे. समीरला समुद्राकाठच्या कॅम्पसला जायचं होतं, काकांनी त्याच्या वतीने थोरल्याला होकार कळवला.

"वाईट झालं काय? काहीच नाही. चांगली नोकरी आहे, घर आहे, बायको चांगली आहे. दर रविवारी फोन करते. आणि हवामान सांगते. डॅलसला गरम आहे, डॅलसला पाऊस आहे. इतकी वर्षं पोरगा माझ्याशी हवामान बोलून राहिला, नितीनराव."

मी काचेबाहेर बघत राहिलो. बोलत नाही असं सगळे समजतात, त्याचा फायदा असा होतो.

म्हणून काकांचा एक नियम होता, तो कधी मोडला नव्हता. होकाराचं बटण मुलानेच दाबायचं. शेवटच्या आठवड्यात मुलं आईबापांसह गॅरेजमध्ये यायची. काका स्क्रीनवरचं नाव मोठ्याने वाचायचे, "नक्की?" असं विचारायचे, मग मूल बटण दाबायचं आणि काकू सगळ्यांना साखर द्यायच्या. एखादा बाप हात पुढे करायला लागला तर काका त्याच्या मनगटावर हळूच चापटी मारायचे. "तुमचं दाबून झालं साहेब. पंचवीस वर्षांपूर्वी."

इशाचा निर्णय पक्का झाला. धाकटा. माझ्या बायकोने, मेघनाने, तिला मिठी मारली. मी "छान" म्हटलं. पण होकाराच्या शेवटच्या दिवशी इशा शाळेच्या बँडबरोबर दक्षिणेला निघाली होती. आधी दोन आठवडे ती "आज करते, उद्या करते" करत राहिली, कारण तिला होकार काकांच्या गॅरेजमध्ये, साखरेसकट द्यायचा होता. बसमध्ये नेटवर्क येत-जात होतं, पान उघडेना. तिने काकांना फोन लावला. मेघना ऑफिसात होती. मी घरून काम करत होतो, म्हणून लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो. अर्ज भरताना अकाउंट मी उघडून दिलं होतं, माझ्याच ईमेलवर. आमच्यात सगळे असंच करतात.

"काका, तुम्ही दाबा," इशा स्पीकरवर ओरडून सांगत होती. मागे बसमध्ये कुणीतरी ट्रम्पेट वाजवत होतं. "आय ट्रस्ट यू!"

"मी नाही दाबत बेटा. नियम आहे."

"काका, प्लीज! धिस इज मी प्रेसिंग. तुमचा फक्त हात."

काका हसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "ऐका. माझा फक्त हात." दोन्ही कॅम्पसची पानं शेजारी शेजारी उघडी होती. घराणं एकच, त्यामुळे पानंही जुळ्यांसारखी. तोच निळा, तोच पिवळा, बटणाची जागा तीच. काकांनी धाकट्याचं नाव मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत वाचलं. "नक्की?" "नक्की!" पुन्हा विचारलं. मग त्यांनी उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसलं, देवाला हात लावण्याआधी पुसतात तसं, आणि दाबलं. बरोबर दाबलं. मी शेजारी होतो. मी पाहिलं.

पलीकडे बसमध्ये आरडाओरडा झाला आणि फोन कट झाला.

"साखर आणतो," म्हणून काका आत गेले. काकू घरी नव्हत्या, त्यामुळे त्यांना डबा सापडेना. आतून त्यांचा आवाज येत होता, "नितीनराव, हिने साखर कुठे लपवली देव जाणे!" तेवढा वेळ मला पुरला. धाकट्याचा होकार मागे घेतला. खात्री आहे का, असं पानाने विचारलं. मी आहे म्हटलं. मग शेजारच्या पानावर थोरल्याला होकार दिला.

काका आले. त्यांनी माझ्या तळहातावर साखर ठेवली. मी खाल्ली.

मी काय समजत होतो तेव्हा? मला वाटलं होतं इशा चिडेल, मी सांगेन की मीच केलं, बाप आहे, पुढे कळेल तुला. दोन दिवस मी ते वाक्य पाठ केलं. पण ती परत आली, लॉगिन केलं आणि स्क्रीनकडे बघतच राहिली. मग तिने मला विचारलं, "बाबा, काकांनी राँग टॅब प्रेस केलं का?"

तिने मला दार उघडून दिलं आणि मी आत गेलो. म्हणालो, "तसंच दिसतंय. पानं सारखीच होती ना."

काका त्याच संध्याकाळी आमच्याकडे आले. चपला दारातच ठेवून सोफ्याच्या कडेवर बसले.

"बट आय हर्ड यू, काका," इशा म्हणाली. "तुम्ही नाव बरोबर वाचलंत. मी ऐकलं."

"तोंडानं बरोबर म्हटलं बेटा," काका म्हणाले. ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा असावा तसं. "हातानं भलतंच केलं."

इशा अठरा वर्षांची होती आणि तिचं सगळं ठरलेलं मोडलं होतं. तरी ती उठली, त्यांच्याशेजारी बसली आणि म्हणाली, "इट्स ओके, काका. इट हॅपन्स." मला त्यांनी दोघांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. मेघना स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. मी पाणी आणायला गेलो.

दोन दिवसांनी काका एकटेच मिनीव्हॅन घेऊन व्हॅलीत जाऊन आले. सत्तरी उलटलेला माणूस, पवनचक्क्यांच्या घाटात वारा गाडी हलवतो, तरी. तिथल्या ऑफिसात जाऊन त्यांनी सांगितलं, चूक मुलीची नाही, माझ्या हाताची आहे. परतल्यावर आमच्या गॅरेजसमोर गाडी थांबवून मला हाक मारली.

"ती बाई चांगली होती. पण म्हणाली, तुम्ही कोण? वडील का, आजोबा का? मी म्हटलं, अंकल. म्हणे, नात्यातले? आता काय सांगू? शेजारी म्हटलं तर म्हणे आम्ही फक्त विद्यार्थ्याशी बोलतो. काका म्हणजे काय ते तिला कसं समजन?" मग त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "पण ऐका. ती म्हणाली, मुलीनं स्वतः लिहावं. जागा असू शकते. ह्या आठवड्यात लिहावं. इशाला आजच सांगा."

मी सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "लिहिलं तिने. नाही म्हणाले." काकांनी मान खाली घातली. "मग गेलंच," म्हणाले. पहिलं जे झालं ते साखर शोधण्याइतक्या वेळात झालं, त्याला मी क्षणाचा झटका म्हणू शकतो, मोह म्हणू शकतो. हे दुसरं मी आठवडाभर, रोज, शुद्धीवर असताना केलं.

त्यानंतर गॅरेजचं दार शनिवारी वर गेलं नाही. एक-दोन कुटुंबं येऊन ड्राइव्हवेवर उभी राहिली, तेव्हा काकूंनीच बाहेर येऊन सांगितलं, "ते आता नाही करत. मुलांच्या आयुष्याचा प्रश्न असतो, नको म्हणतात." लोकांना पटलं. लोकांना असं लगेच पटतं.

काकांनी आधी डोळे तपासून घेतले. मग कुठल्याशा न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. एकदा मी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवत होतो, ते स्लिपर घालून चालत आले.

"डॉक्टरनं घड्याळ काढायला लावलं, नितीनराव. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणे. बरोबर काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, पाचही सांगितले. म्हणे सगळं ठीक आहे, तुमची तब्येत माझ्यापेक्षा चांगली आहे." त्यांनी जरा हसून पाहिलं, पण ते हसणं टिकलं नाही. "मग हात कसा चुकला?"

कचऱ्याच्या डब्याचं झाकण माझ्या हातात होतं. आम्ही दोघंच होतो. त्यांनी मला विचारलं होतं, सरळ. मी म्हणालो, "वयाप्रमाणे होतं, काका."

मी केलेल्यात सगळ्यात वाईट हेच होतं असं मला आता वाटतं. बटणाने मी मुलीची एक जागा घेतली. या वाक्याने मी एका शाबूत माणसाकडून त्याचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला.

त्यानंतरचे काका मी रोज पाहायचो. दाराला कुलूप लावलं की चार पावलं जाऊन परत यायचे, हलवून बघायचे. मिनीव्हॅन विकून टाकली, "उगाच कुणाला धडक बसायची," म्हणाले. देशी दुकानात बिल द्यायला उभे राहिले की कार्ड काकूंच्या हातात द्यायचे. ज्या माणसाने आयुष्यभर इतक्या मुलांना 'नक्की?' विचारलं, तो आता पोह्यात मीठ घातलं की नाही ते काकूंना दोनदा विचारायचा. कुणी भेटलं की पहिला प्रश्न, "इशा कशी आहे?" मी सांगायचो, मजेत आहे.

इशा थोरल्याकडे गेली. नापास झाली नाही. झाली असती तर मला कबूल करायला कारण मिळालं असतं. शेकडो मुलांच्या हॉलमध्ये मागच्या रांगेत बसून ती शिकली, मध्ये एक सेमिस्टर घरी येऊन खोलीत पडून राहिली, परत गेली, डिग्री घेतली. माती-पाण्याचं पहिल्या वर्षीच सुटलं. आता सॅक्रामेंटोला एका इन्शुरन्स कंपनीत डेटाचं काम करते. ऑफिसात मी तिच्या कॉलेजचं नाव सांगितलं की समोरचा खरंच गप्प होतो. ती दर रविवारी फोन करते. "हाय बाबा. इट्स सो हॉट हिअर." मी म्हणतो, इथे वारा आहे.

काका-काकूंनी घर विकलं आणि डॅलसला समीरकडे जायचं ठरवलं. एअरपोर्टला सोडायला मी गेलो. मीच म्हणालो होतो, मी सोडतो. वाटेत सांगेन, असं ठरवून निघालो होतो. काकू मागे बसल्या होत्या, पूर्ण रस्ता त्या कुंड्या कुणाकुणाला दिल्या ते सांगत होत्या. काका माझ्या शेजारी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते. उतरता उतरता म्हणाले, "समीर म्हणते, डॅलसला पाऊस आहे."

आत चेक-इनच्या मशीनवर मी त्यांची नावं शोधून दिली. स्क्रीनवर प्रश्न आला, सामानात काही धोक्याचं आहे का. हो, नाही, अशी दोन बटणं. काका पुढे झाले. मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर सुटं करत, अगदी पूर्वीसारखं. उजव्या हाताचं बोट शर्टाला पुसलं. ते बोट स्क्रीनपर्यंत गेलं आणि थांबलं. मग त्यांनी हात मागे घेऊन जॅकेटच्या खिशात घातला.

"नितीनराव, तुम्ही दाबा," ते म्हणाले. "तुमचा हात भरवशाचा."

मी दाबलं. पास बाहेर आले. काकू म्हणाल्या, "चला." सिक्युरिटीच्या रांगेत वळायच्या आधी काकांनी मागे बघून डावा हात हलवला. उजवा खिशातच होता.

काका डॅलसला आहेत. नंबर माझ्याकडे आहे. इशाला मला हे सगळं सांगायचं आहे, तिच्या तोंडावर, मराठीत. आणि काकांना सांगायचं आहे, की तुमचा हात चुकला नव्हता. दोन्ही अजून बाकी आहे.